सीनियॉरिटी लिस्टवर हरकत घेताना

घर नाशिकच्या गंगापूर रोडला, बेस (जिथून ड्युटी सुरू होते ते ठिकाण) मुंबईत आणि उड्डाणं एटीआर या छोट्या प्रादेशिक विमानावर, अशी नोकरी करणाऱ्या वैमानिकाचं पुढचं सगळं सीनियॉरिटी लिस्टमधल्या, म्हणजे सेवाज्येष्ठतेच्या यादीतल्या, नंबरावर ठरतं. कमांड (कॅप्टनपद) कधी मिळणार, मोठ्या विमानावर कधी जाणार, बेस बदलून मिळणार का, आणि कपात आलीच तर आधी कोणाचं नाव. म्हणून लिस्टचा मसुदा आला की तो त्याच दिवशी वाचा.

नंबर नंतर बघा, आधी वरची व्याख्या वाचा. ‘वरिष्ठतेची तारीख’ म्हणजे रुजू झाल्याची, टाइप रेटिंग (त्या प्रकारचं विमान चालवण्याची पात्रता) पूर्ण झाल्याची, की लाइन रिलीजची, म्हणजे ट्रेनिंग संपून नियमित उड्डाणांसाठी मोकळं केल्याची? समजा, दोघे फर्स्ट ऑफिसर (सहवैमानिक) 3 जूनला रुजू झाले. एकाला सिम्युलेटरचा स्लॉट ऑगस्टमध्ये मिळाला, दुसऱ्याला नोव्हेंबरमध्ये. रिलीजची तारीख धरली, तर मधल्या काळात रिलीज झालेले सगळे दुसऱ्याच्या डोक्यावर बसतात. उशीर कंपनीच्या स्लॉटमुळे झाला होता हे दाखवणारा एक ईमेल इथे लाखमोलाचा ठरतो.

त्यासाठी नेमणूक पत्र, रुजू अहवाल, ट्रेनिंगची पत्रं, स्लॉट कळवणारे ईमेल, रूट चेकचा (प्रत्यक्ष उड्डाणातल्या चाचणीचा) फॉर्म, लॉगबुकची संबंधित पानं आणि मागच्या सगळ्या लिस्ट जपून ठेवा. नोकरी सुटली की कंपनीचा मेल बंद होतो, तेव्हा स्वतःच्या सेवेची पत्रं वेळीच छापून घ्या.

हरकतीचा अर्ज एका पानात बसवा. तीन रकाने पुरतात: लिस्टमध्ये काय आहे, काय हवं, पुरावा कोणत्या पानावर. ‘अमक्याला झुकतं माप दिलं’ असलं काही लिहू नका, त्यात मूळ मुद्दा वाहून जातो. अर्ज मुदतीत द्या आणि पोच घ्या. पोच देत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवा. दोन-तीन वर्षं गप्प बसून मग जागं झालेल्याला न्यायालयं सहसा दाद देत नाहीत, कारण तोवर इतरांच्या बढत्या त्याच लिस्टवर झालेल्या असतात.

प्रादेशिक उपकंपनीतून मुख्य कंपनीत जाताना तर जास्तच जपा. एटीआरवरची वर्षं धरणार की शून्यापासून, हे सही करण्याआधी लेखी विचारा. एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्सचं विलीनीकरण 2007 मध्ये झालं; दोन्हीकडच्या माणसांचा मेळ घालायला 2011 मध्ये न्यायमूर्ती धर्माधिकारी समिती नेमावी लागली, आणि तरीही 2012 मध्ये नव्या ड्रीमलायनर विमानाचं ट्रेनिंग कोणाला यावरून मोठा संप झाला.

कंपनीने हरकत फेटाळली तर नाशिकच्या राज्य कामगार कार्यालयात खेटे घालू नका. विमान वाहतूक केंद्राच्या अखत्यारीत येते, त्यामुळे अर्ज केंद्रीय मुख्य कामगार आयुक्तांच्या यंत्रणेकडे करायचा. एकट्याने अर्ज करता येतो तो नोकरीवरून काढल्यावर. सीनियॉरिटीच्या वादामागे संघटना किंवा बऱ्याच सहकाऱ्यांचा पाठिंबा लागतो. नेमका इथेच अर्ज अडू शकतो. शिवाय वैमानिक ‘कामगार’ नाही असा बचाव कंपनी घेते. म्हणून मुख्य काम विमान चालवण्याचं आहे, कोणाला नेमण्याचे, काढण्याचे वा रजा मंजूर करण्याचे अधिकार नाहीत, हे अर्जातच लिहा.

संपाचा विचार असेल तर 14 दिवसांची नोटीस लागते, आणि समेटाची बोलणी चालू असताना संप बेकायदा ठरतो. 2009 मध्ये जेट एअरवेजच्या वैमानिकांनी एकदम आजारपणाच्या रजा टाकल्या होत्या. नव्या औद्योगिक संबंध संहितेत निम्म्या किंवा अधिक कामगारांनी ठरवून एकाच दिवशी किरकोळ रजा घेतली तर तो संपच धरला जातो. व्हॉट्सअॅप ग्रुपवर ‘उद्या सगळे रजेवर’ असा मेसेज टाकण्याआधी संघटनेच्या वकिलाला विचारा.

वाद चालू असताना रागाने राजीनामा मात्र देऊ नका. डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या) 2017 च्या नियमाने कमांडरला (कॅप्टनला) 1 वर्ष आणि फर्स्ट ऑफिसरला 6 महिने नोटीस द्यावी लागते. बाँड (ट्रेनिंगच्या बदल्यात ठरावीक काळ नोकरी न सोडण्याचा करार) असेल तर त्यातल्या रकमेची मागणी येते. पण करार कायद्याच्या कलम 74 नुसार कंपनीला वाजवी भरपाईच मिळू शकते, बाँडवरचा आकडा ही तिची कमाल मर्यादा. तेव्हा ट्रेनिंगवर प्रत्यक्ष किती खर्च झाला त्याचा हिशोब लेखी मागा. आणि सोडून गेलेला वैमानिक त्याच कंपनीत परत आला, तर सहसा त्याचं नाव लिस्टच्या तळाशी लागतं.