वळताना पुढून आवाज येतो? गॅरेजला जाण्याआधी करायची तयारी

सुरुवात गाडी रिकामी करण्यापासून करा. डिकीतला जॅक, टॉमी, पाण्याच्या बाटल्या, सीटखाली सरकलेली छत्री, सगळं बाहेर काढा आणि स्टेपनीचा बोल्ट हाताने हलवून बघा. सैल स्टेपनी वळणावर धडधडते, आणि बंद गाडीत तो आवाज पुढून येतोय की मागून हे भल्याभल्यांना ओळखता येत नाही. टायरमधली हवा दाराच्या खांबावरच्या स्टिकरप्रमाणे भरून घ्या, चाकांचे नट पान्ह्याने तपासा. पूर्ण वळवल्यावरच घासल्यासारखं होत असेल तर चाकाच्या कमानीतलं प्लॅस्टिक निखळून टायरला लागतंय का, ब्रेक डिस्क आणि तिच्यामागच्या पत्र्यात खडा अडकलाय का, हे टॉर्च लावून पाहा.

मग एक वही आणि सोबतीला एक माणूस घ्या. एकाने स्टेअरिंग धरायचं, दुसऱ्याने बाहेर कान लावायचा. हे काम एकट्याने नीट होत नाही. वही यासाठी की आवाज नेमका कधी येतो हे लिहिल्याशिवाय एकही पार्ट विकत घेऊ नये, असं माझं ठाम मत आहे. ‘वळताना आवाज येतो’ एवढंच सांगून गाडी सोडली, की आज लिंक रॉड (स्टॅबिलायझर बारला जोडणारा छोटा दांडा), पुढच्या महिन्यात लोअर आर्म (चाकाला सांगाड्याशी जोडणारा खालचा दांडा), मग माउंटिंग असं एकेक बदललं जातं आणि आवाज तिथेच राहतो.

पहिली चाचणी उभ्या गाडीत. हँडब्रेक ओढा, गिअर न्यूट्रलला, इंजिन चालू. सोबत्याला स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवायला सांगा आणि बोनेट उघडून शॉकअपच्या वरच्या माउंटिंगवर, म्हणजे तो बॉडीला जिथे बसतो तिथे, तळहात ठेवा. मधूनच ‘टण्ण’ असा आवाज येऊन हाताला झटका बसला, तर माउंटिंगचं बेअरिंग जाम झालेलं असतं. स्टेअरिंगबरोबर स्प्रिंगने सहज फिरायला हवं. बेअरिंग जाम असलं की ती अडकते, पीळ खाते आणि एकदम सुटते. स्प्रिंगच्या वेढ्यांमध्ये बोट घालू नका. खालून जुन्या दारासारखी करकर येत असेल तर लोअर आर्मचा बॉल जॉइंट कोरडा पडलाय, त्याचं रबर फाटलंय का ते बघा. हायड्रॉलिक पॉवर स्टेअरिंग कण्हत असेल तर ऑइलची पातळी तपासा. अगदी टोकाला थोडा आवाज होणारच, तिथे स्टेअरिंग दाबून धरू नये. इलेक्ट्रिक स्टेअरिंग असेल तर हे ऑइल शोधत बसू नका, बहुतेक गाड्यांत ते नसतंच.

दुसरी चाचणी मोकळ्या मैदानात. स्टेअरिंग पूर्ण वळवून, हलका अॅक्सिलरेटर देत, हळू गोल फिरा. आधी डावीकडे, मग उजवीकडे. वेगाबरोबर जलद होणारी ‘कट-कट-कट’ म्हणजे अॅक्सलचा बाहेरचा सीव्ही जॉइंट, चाक वळलेलं असतानाही त्याला इंजिनची ताकद पोचवणारा सांधा. अॅम्बेसेडर, पद्मिनी मागच्या चाकांवर चालायच्या, त्यांना पुढे हा जॉइंटच नव्हता. 1983 मध्ये मारुती 800 आली आणि पुढे बहुतेक छोट्या गाड्या पुढच्या चाकांवर ओढू लागल्या, तसा हा आवाज आपल्या ओळखीचा झाला. संशय आधी वळणाच्या बाहेरच्या चाकावर घ्या, पण निकाल बूट, म्हणजे जॉइंटवरचं रबरी आवरण, बघून द्या. चाक वळवून आतून पाहिलं की फाटलेला बूट आणि रिमच्या आतल्या बाजूला उडालेलं ग्रीस स्पष्ट दिसतं. बूट फाटलाय पण आवाज नाही, तर वेळ न घालवता बूट आणि ग्रीस बदला. जॉइंट वाचण्याची शक्यता असते. आवाज सुरू झाला असेल तर आतल्या गोळ्यांच्या खाचा झिजल्यात, नवीन ग्रीसने त्या भरून येत नाहीत.

वेग वाढला की घुमणारा आवाज वेगळा. तो व्हील बेअरिंगचा. रिकाम्या रस्त्यावर सावकाश डावीकडे झोका द्या. वजन उजव्या चाकावर येतं, घुमणं वाढलं तर उजवं बेअरिंग संशयित.

आता जॅक. जमीन सपाट हवी, मागच्या चाकांना लाकडी ठोकळे, आणि गाडी स्टँडवर टेकवल्याशिवाय खाली डोकं घालायचं नाही. उचललेलं चाक डावी-उजवीकडून धरून हलवा. खेळ, म्हणजे ढिलेपणा, जाणवला तर टाय रॉड (स्टेअरिंगचं वळण चाकापर्यंत नेणारा दांडा) किंवा तो जिथून निघतो ती स्टेअरिंग रॅक बघा. वर-खाली धरून खेळ लागला तर सोबत्याला ब्रेक दाबायला सांगा. खेळ गेला तर बेअरिंग, राहिला तर बॉल जॉइंट. स्टॅबिलायझरची लिंक, म्हणजे लिंक रॉड, मात्र अशी तपासू नका. एक चाक लटकलं की ती ताणली जाते आणि तिचा ढिलेपणा लपतो. दोन्ही चाकं जमिनीवर असताना हाताने हलवून बघा.

बदलायचं काय हे ठरलं की आदल्या रात्री गंजलेल्या नटांवर पेनिट्रेटिंग ऑइल मारून ठेवा. नायलॉक नट (आत नायलॉनचं कडं असलेले) आणि स्प्लिट पिन (नट सुटू नये म्हणून घालायची दुपाखी पिन) नवीनच आणा. शॉकअप बदलायचा असेल तर दोन्ही बाजूंचा एकदम. माउंटिंगसाठी स्प्रिंग सोडवावी लागते आणि दाबलेली स्प्रिंग निसटली तर जीव घेऊ शकते, म्हणून स्प्रिंग कॉम्प्रेसर (स्प्रिंग दाबून धरायचं अवजार) नसलेल्या माणसाला ते काम देऊ नका, स्वतःही करू नका.

मेकॅनिकला एक गोष्ट आवर्जून सांगा: लोअर आर्मच्या रबरी बुशचे बोल्ट शेवटचे आवळायचे ते चाकांवर गाडीचं वजन आल्यावर. लटकत्या अवस्थेत आवळले तर रबर कायमचं पीळ खाऊन राहतं आणि नवं बुश लवकर फाटतं. टाय रॉड एंड बदलला असेल तर त्याच दिवशी चाकांची अलाइनमेंट करून घ्या, नंतर मैदानातली तीच गोल फेरी मारा, आणि थोडी गाडी चालवून झाल्यावर चाकांचे नट पुन्हा एकदा तपासा.