गच्चीवर सोलर बसवण्याआधी डिसेंबरची सावली बघा
नागपूरला उन्हाची ददात नाही, अडचण होते ती सावलीची. एप्रिल-मेमध्ये गच्ची बघितली तर सूर्य डोक्यावर असतो, पाण्याच्या टाकीची सावली पायथ्याशीच राहते. डिसेंबरअखेर सूर्य दक्षिणेकडे कलतो आणि ५ फुटी टाकीची सावली भर दुपारीसुद्धा उत्तरेला जवळपास ५ फूट पडते. सकाळी ९ ला त्याहून बरीच लांब. पॅनेलचा नुसता कोपरा सावलीत गेला तरी त्याला जोडलेल्या अख्ख्या ओळीची वीज घटू शकते. म्हणून डिसेंबरात सकाळी ९, दुपारी १२ आणि ३ वाजता सावलीच्या कडा खडूने आखा, फोटो काढून ठेवा. जिन्याची खोली, शेजारचा कडुनिंब, डिशची छत्री, काहीच सोडू नका.

एका किलोवॅटला साधारण १०० चौरस फूट मोकळी जागा लागते, दिवसाला सरासरी ४ युनिट मिळतात. किती किलोवॅट हवेत ते वर्षभराची वीजबिलं बघून ठरवा. पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान मिळतं, पण तेवढ्यासाठी सावलीत पॅनेल कोंबू नका. आणि धुवायची तर पहाटेच. तापलेल्या काचेवर गार पाणी नको.