लेक मीडला जाताना
लास वेगासहून लेक मीड या धरणाच्या मोठ्या जलाशयावर जाणार असाल तर शक्यतो ऑक्टोबर ते एप्रिलमध्ये जा. जुलैत पारा 40 अंशांच्या वर असतो. कोरड्या हवेत घाम लगेच उडून जातो, त्यामुळे अंगातलं पाणी किती कमी झालं ते कळतच नाही. तहानेची वाट न बघता पीत राहा.

इथे जीवरक्षक नसतात. मुलांना फुगवायच्या रिंगा, गाद्या मुळीच देऊ नका. वारा एकाएकी सुटतो आणि पोरासकट रिंग आत ओढत नेतो. मापाचं लाइफ जॅकेट हवंच, मोठ्यांनाही. पाणी ओसरलेल्या काठावरचा चिखल वरून वाळलेला दिसतो, पण पाय रुततो. गाडी लांबच लावा. गरम झऱ्यांत डोकं बुडवू नका, नाकातून शिरणारा अमीबा जीवघेणा असतो.