विंडोज १० की ११? नाव नको, बिल्ड बघा

प्रिंटरचा ड्रायव्हर उतरवताना किंवा दुरुस्तीवाल्याशी फोनवर बोलताना हा प्रश्न हमखास येतो: तुमचं विंडोज कोणतं? संगणकातली माहिती वाचली तर तिथे '१०.०' दिसतं आणि आपण दहा सांगून मोकळे होतो. इथेच घोळ होतो, कारण विंडोज ११ सुद्धा आतून स्वतःला १०.०च म्हणवतं. ब्राउझरही दोन्हींसाठी संकेतस्थळांना तेच कळवतो.

ही सवय जुनी आहे. विंडोज ७ चा आतला क्रमांक ६.१ होता, ८ चा ६.२ आणि ८.१ चा ६.३. दुकानातलं नाव वेगळं, प्रोग्रॅम वाचतात तो आकडा वेगळा.

खात्री करायची तर विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा. उघडलेल्या चौकटीत इंग्रजीत डब्ल्यू-आय-एन-व्ही-ई-आर अशी सहा अक्षरं सलग टाइप करून एंटर करा. समोर येईल त्यात 'ओएस बिल्ड', म्हणजे विंडोजच्या नेमक्या आवृत्तीचा आकडा, शोधा. घरच्या किंवा ऑफिसच्या संगणकावर तो आकडा २२००० किंवा त्याहून मोठा असेल तर विंडोज ११. १९०४५ असेल तर विंडोज १०. मदत मागताना हा पूर्ण आकडाच सांगा, शक्यतो त्या खिडकीचा फोटोच पाठवा. समोरच्याचा अर्धा तास वाचतो.

काही सॉफ्टवेअर चालवायला लागणाऱ्या जावा या प्रोग्रॅमचंही असंच आहे: १.८ दिसलं तर ते जावा ८, जुनंपुराणं पहिलं जावा नव्हे. घाईघाईने काढून टाकू नका, त्यावर चालणारं एखादं सॉफ्टवेअर बंद पडेल.