शो झाल्यावर मेटाबॉलिझम परत रुळावर कसा आणायचा

बॉडीबिल्डिंगचा शो होऊन आठ दिवस झाले की पोरं घाबरून येतात, भाऊ मेटाबॉलिझम (शरीरात कॅलरी जळायचा वेग) डॅमेज झाला, दोन भाकरी खाल्ल्या तरी वजन वाढतंय. डॅमेज नाही झालेला रे. मंद झालाय आणि तो परत येतो, फक्त शोनंतरचे तीन-चार महिने नीट काढावे लागतात आणि नेमकं तेच कोणी सांगत नाही.

चरबी चार-पाच टक्क्यांवर आली की शरीराला दुष्काळ पडल्यासारखं वाटतं. लेप्टिन (चरबीतून येणारं, भूक आवरणारं हार्मोन) खाली, टी-थ्री (थायरॉइडचं हार्मोन) खाली, टेस्टोस्टेरॉन (पुरुषी हार्मोन) खाली, जिना चढायचाही कंटाळा येतो. 2013 मध्ये अमेरिकेतल्या एका नॅचरल बॉडीबिल्डरचा वर्षभराचा अभ्यास छापून आला, शोच्या आधीचे सहा महिने आणि नंतरचे सहा. त्याचे हृदयाचे ठोके मिनिटाला 53 वरून 27 वर आले होते, महिन्याभरात 46 झाले. टेस्टोस्टेरॉन मिलीलिटरला 9.22 नॅनोग्रॅमवरून 2.27 आणि मग परत 9.91. ताकद मात्र सहा महिन्यांतही पूर्ण आली नव्हती, म्हणून शोनंतर लगेच जुन्या वजनाचं स्क्वॉट मारायला जाऊ नको. आणि ते टीव्हीवरच्या वजन घटवायच्या स्पर्धेतल्या 14 जणांचं सहा वर्षांनीही रोज 500 कॅलरी कमी जळत होत्या असं 2016 ला आलं होतं ना, ती खूप लठ्ठ माणसं होती, त्यांचं तुझ्यावर जसंच्या तसं लावू नको.

आता करायचं काय. शोच्या दुसऱ्या दिवसापासूनच रोजच्या खाण्यात 300 ते 500 कॅलरी वाढव. आठवड्याला फक्त 50-50 कॅलरी वाढवायचं जे चाललंय ना ते मला पटत नाही, त्यात तू अजून दोन महिने उपाशीच राहतो. कार्डिओ निम्मा कर. प्रोटीन आहे तेवढंच ठेव. वाढवायचं ते घरच्याच खाण्यात, दादरची (ज्वारीची) भाकरी, उडदाची डाळ, दही, अंडी, केळी तर आपल्या जळगावकडे काय कमी आहेत का. पहिल्या महिना-दीड महिन्यात शोच्या वजनावर पाच ते दहा टक्के वाढू दे, थोडी चरबी आल्याशिवाय लेप्टिन वर येतच नाही.

पहिल्या आठवड्यात काट्याकडे बघून रडू नको. माझ्या शोच्या रात्री आम्ही हायवेच्या ढाब्यावर शेवभाजी खाल्ली, तर्री पण सगळी पिऊन टाकली, सकाळी बूट पायात जाईना, पायमोजा काढला तर नडगीवर त्याच्या इलॅस्टिकची खोल वळ उठलेली, बोट दाबलं की खड्डा पडायचा. चार दिवसांत पाच किलो वाढलं आणि मी लगेच परत कटिंग (चरबी उतरवायला खाणं तोडणं) चालू केली, तीच सगळ्यात मोठी चूक झाली. ते पाणी असतं, ग्लायकोजेनच्या (स्नायूंत साठणाऱ्या साखरेच्या) एका ग्रॅममागे साधारण तीन ग्रॅम पाणी धरलं जातं, वर मिठाचं वेगळं. पण सूज आठवड्यात उतरली नाही किंवा दम लागला तर डॉक्टरकडे जा.

भूक मात्र भयानक लागते आणि ती पोट भरूनही जात नाही. लग्नसराईत शो असेल तर वरणबट्टीच्या पंगतीत बसायच्या आधी घरून अंडी-दही खाऊन निघ, आणि पंगतीत मन मारू नको, दोन बट्ट्या खा. रात्री चोरून खाणं, मग दिवसभर उपास, असं चालू झालं तर लाजू नको, घरी सांग, कोणाची तरी मदत घे, कारण मेटाबॉलिझम सुधारतो पण हे वर्षानुवर्षं राहतं.

मुलींनी पाळीकडे लक्ष द्यायचं. तीन महिने आली नाही तर सरळ स्त्रीरोगतज्ज्ञांकडे, हाडं झिजतात त्यात.

खरं कायमचं नुकसान होतं ते गोळ्यांनी. टी-थ्रीच्या गोळ्या, क्लेन (क्लेनब्युटेरॉल, चरबी जाळायला घेतात ते), लघवीच्या गोळ्या, काहीही कोणी दिलं तर घेऊ नको. आणि जळगाव-भुसावळच्या मे महिन्यात, 44-45 डिग्रीत शोआधी पाणी तोडणं, म्हणजे प्यायचंच बंद करणं, म्हणजे किडनी आणि हृदय दोन्ही पणाला लावणं, कोच म्हणाला तरी नाही म्हण.

रक्ताची तपासणी शोच्या आठवड्यात करू नको, सगळं कमीच येणार. तीन महिन्यांनी सकाळी उपाशीपोटी टीएसएच, फ्री टी-थ्री (या दोन थायरॉइडच्या तपासण्या) आणि टेस्टोस्टेरॉन कर. तरी कमी आलं तर पुढच्या वर्षीच्या शोचा फॉर्म भरायच्या आधी रिपोर्ट घेऊन एंडोक्रायनॉलॉजिस्टला (हार्मोनच्या डॉक्टरला) दाखव.