अद्भुतरम्य कादंबरीच्या शेवटच्या प्रकरणांचे विनोदी परीक्षण कसे लिहावे

अद्भुतरम्य कादंबरीचा शेवट फसला की वाचकाला येणारा राग साधासुधा नसतो, आणि त्याला सबळ कारण आहे. तिथले नकाशे, राजघराण्यांच्या वंशावळी, देवदेवता, जादूचे कायदे असे एक अख्खे जग त्याने लेखकाच्या शब्दावर मान्य केलेले असते, आणि अनेकदा त्यासाठी तीन-चार जाडजूड खंड वाचलेले असतात. या विश्वासाची परतफेड शेवटच्या प्रकरणांत व्हायची असते. ती झाली नाही, तर हसू आणि संताप बरोबरच येतात आणि विनोदी परीक्षण लिहावेसे वाटते. ते अवश्य लिहावे, कारण शेवट नेमका कुठे बिघडला हे दाखवणारा विनोद वाचकाला कथेची रचना जितकी स्पष्ट करून सांगतो तितकी गंभीर टीका क्वचितच सांगते. मात्र त्यासाठी एक अट पाळावी लागते. विनोद पुस्तकाने स्वतः घालून दिलेल्या नियमांतून आणि स्वतः दिलेल्या वचनांतून निघाला पाहिजे. परीक्षकाच्या शाब्दिक चतुराईवर तो उभा राहत नाही.

म्हणून लिहायला बसण्यापूर्वी पुस्तकाचा शेवटचा पाचवा हिस्सा पुन्हा वाचावा आणि त्यानंतर लगेच पहिली तीन-चार प्रकरणे वाचावीत. हा उलटा क्रम मुद्दाम सांगितला आहे. शेवट डोळ्यांसमोर ताजा असताना सुरुवात वाचली, की लेखकाने कशाची तयारी केली होती आणि प्रत्यक्षात काय घडवले यांतले अंतर लगेच दिसते. धनंजयाने दहाव्या शतकात 'दशरूपक' या ग्रंथात नाटकाच्या शेवटच्या म्हणजे निर्वहण संधीची (संधी म्हणजे कथानकाचा टप्पा) व्याख्या केली आहे. आधीच्या संधींमध्ये विखुरलेले, बीजाशी जोडलेले सगळे अर्थ जिथे एका प्रयोजनाकडे आणले जातात ते निर्वहण, असा तिचा आशय आहे. व्याख्या नाटकाची असली तरी कादंबरीच्या परीक्षकाला ती जशीच्या तशी वापरता येते. वहीचे एक पान घ्यावे, डाव्या बाजूला कथेत पेरलेली बीजे लिहावीत, उजव्या बाजूला त्यांचे शेवटी काय झाले ते लिहावे आणि दोन्हीकडे पानांचे क्रमांक टाकावेत. जिथे उजवी बाजू कोरी राहते, किंवा जिथे उजवीकडे फळ आहे पण डावीकडे बीजच नाही, तिथे परीक्षणाचा मजकूर सापडतो.

हे काम कसे चालते ते दाखवण्यासाठी एक काल्पनिक कादंबरी घेऊ. तिची नायिका तारिणी ही मंत्रविद्या शिकणारी मुलगी आहे. चौथ्या प्रकरणात गुरू तिला सांगतात, की प्रत्येक मंत्राची किंमत म्हणून म्हणणाऱ्याची एक आठवण कायमची पुसली जाते. पंचविसाव्या प्रकरणात किल्ल्याचा दरवाजा उघडण्यासाठी ती एक मंत्र म्हणते आणि आईचा चेहरा विसरते. हा प्रसंग खरोखर हृदयस्पर्शी आहे. गुरूंनी दिलेल्या मोहोरबंद पेटीचा उल्लेख चार वेळा येतो. पहिल्या प्रवासात वाळवंट ओलांडायला तीन महिने लागतात. आता एकोणपन्नासावे प्रकरण पाहू. सेना तेच वाळवंट सूर्योदयाला निघून सूर्यास्तापर्यंत पार करते, तारिणी रणांगणावर एकापाठोपाठ एक अकरा मंत्र म्हणते, आणि पन्नासाव्या प्रकरणात राज्याभिषेकाला आलेल्या चाळीस पाहुण्यांचे ती प्रत्येकाला नावाने हाक मारून स्वागत करते. पेटी कोणीही उघडत नाही.

आता दोन परीक्षक या शेवटाविषयी लिहितात. पहिला लिहितो, "शेवट इतका भंगार आहे की लेखकाने तो झोपेत लिहिला असावा." या वाक्याने कोणी हसत नाही आणि कोणाला काही कळतही नाही, कारण हेच वाक्य कोणत्याही पुस्तकाला चिकटवता येते. दुसरा लिहितो, "एका मंत्रापायी आईचा चेहरा विसरलेली तारिणी अकरा मंत्र म्हटल्यानंतरही चाळीस पाहुण्यांची नावे बिनचूक सांगते, त्यावरून शेवटच्या युद्धात मंत्रांची किंमत तिने नव्हे, वाचकाने मोजली असे मानावे लागते." या वाक्यात एकही विशेषण पुस्तकाची निंदा करत नाही. पुस्तकातल्याच दोन गोष्टी शेजारी ठेवल्या आहेत आणि त्यांच्यातला विसंवाद स्वतःच हसू आणतो. शिवाय ज्याने ही कादंबरी वाचलेली नाही त्यालाही एका वाक्यात नियम, त्याचा भंग आणि त्यामुळे वाया गेलेला एक चांगला प्रसंग, असे तीनही मुद्दे समजतात.

हिशेब मांडून हसवण्याची ही पद्धत जुनी आणि कसाला लागलेली आहे. अमेरिकी विनोदी लेखक मार्क ट्वेन यांनी १८९५ मध्ये कादंबरीकार जेम्स फेनिमोर कूपर यांच्या कादंबऱ्यांवर लिहिलेला लेख तिचा उत्तम नमुना आहे. त्या कादंबऱ्या अद्भुतरम्य नाहीत आणि लेख केवळ शेवटांविषयीही नाही, पण परीक्षकाने तो पद्धतीसाठी वाचावा. एका प्रसंगात सहा जण नदीवर वाकलेल्या झाडावर दबा धरून बसतात आणि खालून संथपणे जाणाऱ्या नौकेवर उडी मारताना अंदाज चुकतात. ट्वेन नदीची रुंदी, नौकेची लांबी आणि तिचा वेग मांडतात, ती झाडाखालून जायला किती वेळ लागेल ते काढतात आणि इतका अवकाश मिळूनही या सहांपैकी पाच जण पाण्यात कसे पडले, असा प्रश्न शांतपणे विचारतात. त्या लेखातून एक सावधगिरीही शिकावी. नौका सुमारे १४० फूट लांब असेल हा ट्वेन यांचा स्वतःचा अंदाज होता आणि तसे त्यांनी लेखात सांगितलेही आहे. ट्वेन यांना ते निभावले, पण आपण आकडा पुस्तकातूनच घ्यावा, कारण आकडा आपल्या पदरचा निघाला तर पुस्तकावर प्रेम करणारा पहिलाच वाचक तो पकडतो आणि मग बाकीचे खरे मुद्देही कोणी ऐकत नाही.

शेवटच्या प्रकरणांतला सर्वांत समृद्ध विषय म्हणजे बाहेरून येणारी सुटका. सगळे मार्ग बंद झालेले असतात आणि अचानक विस्मृतीत गेलेले सैन्य, कोणालाच माहीत नसलेली तलवार किंवा नायकाच्या रक्तात दडलेली शक्ती प्रकट होते. ॲरिस्टॉटल यांनी 'पोएटिक्स'मध्ये यावर स्पष्ट मत दिले आहे: कथेची उकल कथानकातूनच व्हावी, यंत्राने रंगमंचावर आणलेल्या देवामुळे होऊ नये, आणि या दोषाचे उदाहरण म्हणून त्यांनी ग्रीक नाटककार युरिपिडीस यांच्या 'मीडिया' नाटकाचा शेवट घेतला आहे. आजच्या अद्भुतरम्य लेखनापुरते बोलायचे तर अमेरिकी कादंबरीकार ब्रँडन सँडरसन यांनी २००७ मध्ये मांडलेले सूत्र परीक्षकाला अधिक उपयोगी पडते. वाचकाला जादू जितकी समजलेली असेल तितक्याच प्रमाणात लेखक त्या जादूने पेच समाधानकारकपणे सोडवू शकतो, असे ते म्हणतात. त्यामुळे सुटकेवर हसण्यापूर्वी तिचे बीज कुठे होते का, हे वहीत तपासावे. बीज दोनशे पानांपूर्वी एका ओळीत असेल, तर लेखकाने आपले काम केले आहे आणि ती ओळ आपल्या नजरेतून निसटली आहे. बीज फक्त आदल्या पानावर असेल, तर विनोदाला जागा आहे. अशा वेळी त्या तलवारीचे आत्मवृत्त दोन ओळींत लिहून पाहावे: पन्नास प्रकरणे ती कुठे होती, नायकाचे गाव जळत असताना ती काय करत होती, आणि आजच यायचे तिने कसे ठरवले.

खलनायकाने तलवार उगारून तीन पाने आपली योजना समजावून सांगणे, मेलेला गुरू परत येणे, उरलेल्या पात्रांची घाईघाईने लग्ने लावणे या ठरावीक गोष्टींवर फार रेंगाळू नये. त्यांच्यावर इतके लिहून झाले आहे की नवा विनोद निघणे कठीण असते. एखादे वाक्य पुरे. टॉल्किन यांच्या 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' या कादंबरीतले वीर दुष्ट अंगठी नष्ट करायला महाकाय गरुडांवर बसून आधीच का गेले नाहीत, ही थट्टाही कित्येक दशके चालत आलेली आहे आणि ती परीक्षणाला काहीच देत नाही.

मात्र अद्भुताचीच टिंगल होऊ नये, याविषयी मी आग्रही आहे. निर्वहणात नेहमी अद्भुत रस असावा, असे भरताचे 'नाट्यशास्त्र' सांगते, आणि या साहित्यप्रकाराला तर ते मनापासून लागू पडते. शेवटी आकाश दुभंगले, पर्वत बोलू लागला किंवा मृत नदी वाहू लागली, तर 'असे कुठे असते का?' हा विनोद नव्हे. तो विचारणाऱ्याने चुकीचे पुस्तक हाती घेतले आहे. आपण विचारायचा प्रश्न वेगळा आहे: या जगात, या पुस्तकाच्या नियमांनुसार, हे असे घडू शकते का? बोलणारा पर्वत मान्य करावा. तो पहिल्या खंडात मुका होता आणि त्याच्या मौनावर एक अख्खे प्रकरण खर्ची पडले होते, मग तो आता कसा बोलला, हे मात्र जरूर विचारावे.

लांबलेल्या शेवटाबाबतही अशीच नीट पारख हवी. मुख्य संकट संपल्यावर कथा बराच काळ चालू राहिली, एवढ्यावरून ती रेंगाळली असे ठरत नाही. 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'च्या सहाव्या आणि शेवटच्या भागात नऊ प्रकरणे आहेत, अंगठी तिसऱ्याच प्रकरणात नष्ट होते आणि त्यानंतर पूर्ण सहा प्रकरणे येतात. पण त्यांतल्या आठव्या प्रकरणात घरी परतलेल्या वीरांना आपला मुलूखही उद्ध्वस्त झालेला आढळतो आणि तो त्यांना स्वतःच सोडवावा लागतो. दूरच्या युद्धाने त्यांना काय शिकवले हे इथे दिसते, म्हणून हे प्रकरण गाळले तर कथाच अपुरी राहील. तेव्हा उपसंहाराची पाने मोजावीतच, पण प्रत्येक प्रकरणापुढे 'हे काढले तर काय बिघडेल?' हा प्रश्न लिहावा. काहीच बिघडत नसेल, युद्धाला चार पाने आणि मेजवानीला चाळीस पाने दिली असतील, तर ते प्रमाण तसेच्या तसे वाचकासमोर ठेवावे. त्याला शेरा जोडण्याची गरज पडत नाही.

प्रत्यक्ष लिहिताना आवाज शांत ठेवावा. उद्गारचिन्हे, लागोपाठ प्रश्न, ठळक अक्षरे आणि हसण्याची चिन्हे यांमुळे वाचकाला कुठे हसायचे ते आपण सांगतो आणि त्याचे स्वतःचे हसणे हिरावून घेतो. वाक्याची मांडणी अशी करावी की विसंगती शेवटच्या दोन-तीन शब्दांत उघड होईल. तारिणीच्या पाहुण्यांची संख्या वाक्याच्या आरंभी सांगितली तर पुढचे सगळे मंत्र वाया जातात. संपूर्ण परीक्षण एका मुख्य दोषाभोवती बांधावे. वहीत वीस दोष निघाले तरी वीसच्या वीस मांडू नयेत, कारण पाचव्या दोषानंतर परीक्षण तक्रारअर्जासारखे वाचले जाते आणि वाचक लेखकाची बाजू घेऊ लागतो. आपल्या काल्पनिक कादंबरीत मी आठवणींचा नियम मुख्य धरीन, कारण त्याच्या भंगामुळे कथेतला सर्वांत चांगला प्रसंग मागे जाऊन पोकळ होतो. वाळवंटाचा उल्लेख एका उपवाक्यात करीन आणि पेटी अजून बंदच असल्याची आठवण मधूनमधून, जास्तीत जास्त तीनदा, देईन. आईचा चेहरा विसरण्याचा प्रसंग किती चांगला उतरला आहे हे मी थट्टा सुरू करण्यापूर्वी मनापासून सांगेन. त्या प्रसंगाचे मोल वाचकाला कळल्याशिवाय शेवटी काय गमावले हेही त्याला कळणार नाही.

कोणाला हसायचे आणि कोणाला नाही, याची रेषा स्पष्ट असावी. लेखकाचे रूप, आजारपण, वय, त्याने पुस्तकाला लावलेला वेळ आणि त्याची कमाई हे विषय परीक्षणाचे नाहीत. तो शेवट वाचून रडलेल्या वाचकांची खिल्लीही उडवू नये. त्यांना जे मिळाले ते खरे आहे. पुस्तक अनुवादातून वाचले असेल तर आणखी एक काळजी घ्यावी. एखादे वाक्य अवघडलेले किंवा हास्यास्पद वाटले, तर ते मूळातच तसे आहे की अनुवादात तसे झाले आहे हे पाहावे, आणि पाहता येत नसेल तर विनोद भाषेवर न करता घटनांवर करावा. उद्धृत केलेली ओळ पूर्ण आणि शब्दशः असावी. आधीचे वाक्य गाळल्यामुळेच ओळ हास्यास्पद वाटत असेल, तर ती वापरू नये.

शेवट उघड करणार असल्याची सूचना पहिल्याच परिच्छेदात साध्या शब्दांत द्यावी आणि त्यानंतर आडपडदा न ठेवता लिहावे. अर्धवट लपवलेल्या शेवटावरचा विनोद वाचलेल्यांनाही कळत नाही आणि न वाचलेल्यांचाही रसभंग करतो. मसुदा तयार झाला की तो एक दिवस बाजूला ठेवावा आणि मग दोघांना वाचायला द्यावा. त्यांतल्या एकाने ते पुस्तक वाचलेले नसावे. तो ज्या ठिकाणी हसला नाही तिथे नियम नीट सांगायचा राहून गेला आहे. दुसऱ्याचे त्या पुस्तकावर मनापासून प्रेम असावे. तो एखाद्या विनोदाला अन्यायकारक म्हणाला, तर वाद न घालता पुस्तक उघडावे, वहीतला पानाचा क्रमांक काढावा आणि ते पान दोघांनी मिळून वाचावे. पान त्याच्या बाजूने बोलत असेल, तर तो विनोद कितीही लाडका असला तरी काढून टाकावा.