शिंपल्यावरून थराचं वय काढताना या चुका टाळा

सातारा-सांगलीकडे सगळा काळा पत्थर. समुद्री थर बघायचे तर कच्छ नाहीतर तमिळनाडूतलं अरियालूर गाठावं लागतं. म्हणूनच की काय, आपल्याकडची पोरं तिथं पिशव्या भरभरून शिंपले गोळा करतात आणि आल्या आल्या विचारतात, "वय किती?" (कृष्णाकाठच्या गाळातले शिंपले गोड्या पाण्याचे. ते यात आणू नका.)

सगळ्यात महागात पडते ती चूक म्हणजे पांढरा, चकचकीत, अखंड शिंपला अस्सल, म्हणजे मूळ कवच न बदललेला, समजणं. साताऱ्याच्या एका गटाने अरियालूरचा असाच देखणा शिंपला दळून स्ट्रॉन्शियम तपासणीला धाडला. समुद्रातलं स्ट्रॉन्शियम-८७ आणि स्ट्रॉन्शियम-८६ यांचं गुणोत्तर काळागणिक बदलत गेलं आणि ते शिंपल्यात टिकतं, म्हणून त्यावरून वय काढता येतं. ते आलं ०.७०८३ च्या आसपास, म्हणजे वय साधारण सव्वादोन कोटी वर्षं. आणि त्याच थरात, हातभर अंतरावर, अमोनाइट (गुंडाळलेल्या शंखाचा नामशेष समुद्री प्राणी)! ते तर ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच संपले. त्याच सुमारास, क्रेटेशस कालखंडाच्या अखेरीस, समुद्राचं गुणोत्तर ०.७०७८ च्या जवळ होतं. यंत्र बिचारं बरोबर होतं. भूजलाने मूळ अ‍ॅरागोनाइट विरघळवून तिथे कॅल्साइट (दोन्ही कॅल्शियम कार्बोनेटच, स्फटिकरचना वेगळी) भरलं होतं आणि येताना जमिनीवरचं स्ट्रॉन्शियमही आणलं होतं.

म्हणून दळण्याआधी कडेचा तुकडा फायगल द्रावणात (ही दोन खनिजं रंगावरून ओळखायचं द्रावण) टाकावा. अ‍ॅरागोनाइट काळं पडतं, कॅल्साइट पांढरं राहतं. फार वेळ ठेवलं तर मात्र तेही काळवंडतं. मुळात अ‍ॅरागोनाइटचं असलेलं कवच पांढरंच राहिलं, तर नमुना सरळ कपाटात. स्ट्रॉन्शियमसाठी कालवं किंवा बेलेम्नाइट (माखलीसारख्या नामशेष प्राण्याचे टोकदार जीवाश्म) बरे, त्यांचं कॅल्साइट मूळचंच असतं. त्यातही मँगनीज किंवा लोह जास्त निघालं तर भूजलाने कवच बदललंय असं समजून मोह सोडावा. ड्रिल हळू फिरवावं, तापलं की अ‍ॅरागोनाइटचं कॅल्साइट होतं. घाई असलेल्यांना हे पटत नाही. आणि अमोनाइटची जात ओळखून त्यावरून वय ठरवायचं असतं, तो दळायचा नसतो.

एकाच शिंपल्यावर निकाल देऊ नये. लाटा जुन्या थरातला शिंपला उकरून नव्या गाळात टाकतात. कडा झिजलेल्या, झडप (शिंपल्याच्या दोन अर्ध्यांपैकी एक) एकटी, आतला गाळ बाहेरच्याहून वेगळ्या रंगाचा, असं दिसलं की तो पाहुणा समजावा. दोन्ही झडपा जुळलेले निवडावेत. थर त्यातल्या सर्वांत नव्या शिंपल्याहून जुना असू शकत नाही.

कोट्यवधी वर्षं जुन्या ज्युरासिक शिंपल्याला कार्बन-१४ (किरणोत्सारी कार्बनवरून वय काढण्याची पद्धत) लावणारेही भेटतात. ही पद्धत सुमारे ५० हजार वर्षांपलीकडे जात नाही, पण आकडा येतो: १ टक्का आजचा कार्बन शिरला की ३७ हजार वर्षं! कोकणकिनाऱ्यावरच्या अलीकडच्या शिंपल्यांना ती चालते, तीही सागरी दुरुस्ती करूनच (समुद्रातला कार्बन आधीच जुना असल्याने वय जास्त येतं, ते वजा करून).

आणि पिशवीवर थराची उंची, म्हणजे उघड्या खडकाच्या तळापासून तो किती वर आहे, ते लिहा. नुसतं "कच्छ" नको.